कपावरचा हात

लग्न ठरल्यावर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो, तेव्हाच मी माती खाल्ली. सासरे बालाघाटजवळ मँगनीजच्या खाणीत कामाला, घर खाणीच्या कॉलनीत. चहा आला. लांब कुठेतरी भोंगा वाजला आणि घरातल्या सगळ्यांनी एकदम आपापल्या कपावर तळहात ठेवला. मला वाटलं, ‘आता पुरे’ म्हणायची यांची पद्धत असेल. म्हणून मी नम्रपणे हात जोडले... आणि खाणीत सुरुंग फुटले. मी पलंगाखाली, चहा नव्या पँटवर, कपात छपरावरच्या कवेलूंची धूळ. तळहाताचं कारण तेव्हा कळलं.

तर मंडळी, भूतबाधा, अंगात येणं वगैरे मी मानत नाही. खैरलांजीत माझं मोटरपंप दुरुस्तीचं दुकान आहे. टेस्टर लावल्याशिवाय मी करंटवरही विश्वास ठेवत नाही.

सासूबाई गेल्यावर मामाजी — आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात — आमच्या घरी राहायला आले. इथे खाणीचा आवाज येणं शक्यच नाही, डोक्यावर स्लॅब. तरी दुपारच्या चहाला, खाणीत सुरुंग उडायच्या वेळी, त्यांचा हात कपावर जायचा. खांदे आखडायचे, श्वास थांबायचा. मग हात काढून निवांत चहा. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं रोज हादरा बसला की शरीर आधीच तयार राहायला शिकतं. नोकरी सुटते, ते सुटत नाही. मला पटलं.

पण एक दिवस हात सकाळच्याच चहावर गेला. मी खूश, म्हातारा चुकला! माझा साळा प्रकाश त्याच खाणीत आहे, त्याला फोन लावला.

“हौ जीजाजी, आज ब्लास्टिंग सकाळीच घेतलं. पन तुमाले कोनं सांगितलं?”

झालं... माझ्या डोक्यात किडा शिरला. हे बापलेक फोनवर वेळ ठरवून जावयाची फिरकी घेत आहेत! मी भिंतीवरचं घड्याळ ‘दुरुस्तीला’ म्हणून उतरवलं. मामाजींचा मोबाईल ‘चार्जिंगला’ म्हणून दुकानात नेऊ लागलो. बायकोला चहाची वेळ रोज बदलायला लावली.  हात मात्र जात राहिला, आणि संध्याकाळी प्रकाशला विचारावं तर वेळ जुळलेली.

परवाच्या शनिवारी दुपारी हात कपावर गेला... आणि निघालाच नाही. चहावर साय धरली. मामाजींच्या कपाळावर घाम, मानेची शीर ताडताड उडताना दिसत होती.

“मामाजी, काय होऊन राह्यलं?”

“एक राह्यला,” ते म्हणाले. “प्रकाशले म्हणा, जाऊ नको.”

मामाजींचा मोबाईल माझ्या खिशात, घड्याळ दुकानात. म्हणजे चोरी पकडायची सगळी तयारी होती, पण चोरीबिरी मी विसरलो. प्रकाशला फोन लावला. बंद. ब्लास्टिंगच्या वेळी खाणीत फोन बंदच ठेवतात. पुन्हा लावला, पुन्हा बंद. बायको वडिलांच्या पायाशी बसली. त्या हाताकडे बघत राहिली.

मग मामाजींचे खांदे सैल पडले. त्यांनी हात काढला. “फुटला,” म्हणाले, आणि थंड चहा एका दमात पिऊन टाकला.

थोड्याच वेळात प्रकाशचा फोन आला.  “जीजाजी, एक सुरुंग फुटाचा राह्यला होता. आपल्याले घाई, मी पाहाले निघालो होतो... अन् पायच उचलेना. पाय म्हनजे लाकूड. उभाच राह्यलो. आत्ता फुटला तो.”

डॉक्टरांना सगळं सांगितलं. म्हणाले, भीतीनं पाय गोठतात, शरीर आपल्याला असं वाचवतं. बरोबर असेल. पण शरीर प्रकाशचं, पाय प्रकाशचे... हात खैरलांजीत कपावर का होता? हे विचारल्यावर डॉक्टरांनी माझंच बीपी तपासलं. 

रात्री जेवताना बायको म्हणाली, “ते घड्याळ लावून द्या आता भिंतीवर. काहून उतरवलं ते बाबाले पहिल्याच दिवशी समजलं होतं. मी बोलणार होती तुमाले, तर म्हणे, राहू दे बाई, जवाईबापूचं मन रमून राह्यलं.”