जवळच्या नातेवाइकाची सही

गेल्या चाळीस वर्षांत नायगावपासून काळाचौकीपर्यंत देवाच्या अस्तित्वावर जेवढे वाद झाले, ते बहुतेक सगळे माझ्या सासऱ्यांनी जिंकले आणि त्यांतल्या एकाही वादानंतर एकही माणूस नास्तिक झाला नाही. हे मी खात्री करून लिहितो आहे. वर्तमानपत्राच्या कचेरीत दुसऱ्यांच्या बातम्या तपासण्यात आयुष्य गेल्यामुळे खात्री न करता काही लिहायची सवय उरलेली नाही. हरलेल्यांपैकी जे जे मला भेटले ते सगळे होते तसेच श्रद्धाळू आहेत आणि सगळ्यांना सासऱ्यांविषयी माया आहे. त्यांतले एक म्हणजे नायगावच्या एका देवळाचे पुजारी. ते मला म्हणाले, "तुमचे सासरे आले नाहीत तर संध्याकाळ जात नाही हो. देवळात येणारा प्रत्येक जण मला हो हो म्हणतो. माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेणारा हा एकच माणूस आहे."

सासरे महापालिकेच्या पाणी खात्यात चावीवाले होते. रस्त्याखालच्या पाण्याच्या वाहिन्यांना झडपा असतात. त्या ठरल्या वेळी लांब लोखंडी चावीने उघडायच्या आणि ठरल्या वेळी बंद करायच्या, हे त्यांचं काम. आपल्या नास्तिकपणाची सुरुवात ते याच कामात झाल्याचं सांगतात. नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. वाहिनी फुटल्यामुळे एका चाळीत तीन दिवस पाणी नव्हतं. चौथ्या दिवशी बायकांनी कोरड्या नळाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि आरती सुरू केली. त्याच वेळी खाली रस्त्यावर दुरुस्ती संपली आणि सासऱ्यांनी चावी फिरवली. नळाला धो धो पाणी आलं. वर एकच जयजयकार झाला. "मी खाली चिखलात उभा, चड्डीपर्यंत भिजलेला, हातात चावी," ते सांगतात, "आणि वर नळाची आरती. चावीचं नाव कोणाच्या तोंडात नाही." पण त्यांनी वर जाऊन कोणाला काही सांगितलं नाही. कोणीतरी प्रसादाचं खोबरं खाली आणून दिलं, ते त्यांनी खाल्लं. प्रसादाबाबत त्यांचं धोरण तेव्हापासून बदललेलं नाही. शिरा हा रवा, तूप आणि साखर यांचा बनतो, त्यात मतभेदाला जागा नाही, असं ते म्हणतात आणि दुसऱ्यांदा हात पुढे करतात.

मी त्यांच्या मुलीला मागणी घालायला गेलो तेव्हा जात, पगार, जागा यांपैकी कशाचीच त्यांनी चौकशी केली नाही. त्यांनी विचारलं, "देव मानता?" मी जपून म्हणालो, "थोडा." ते पुढे सरसावले. "थोडा म्हणजे किती?" मी म्हणालो, परीक्षेच्या निकालापुरता आणि आजारपणापुरता. त्यावर त्यांनी पाऊण तास माझी उलटतपासणी घेतली. निकाल देव लावतो तर पेपर कोण तपासतं, ताप देव उतरवतो तर चढवतो कोण, वगैरे. मी प्रत्येक प्रश्नावर हरलो. शेवटी ते आत वळून म्हणाले, "मुलगा चांगला आहे. चुकतो, पण खोटं बोलत नाही." त्या दिवसापासून ते मला 'पत्रकार' म्हणतात. जावई हा शब्द त्यांना पटत नाही, कारण त्यात मान आपोआप मिळतो.

सासूबाई शीव कोळीवाड्याच्या. नायगावच्या बाजारात त्यांनी जन्मभर मासे विकले. देवीवर त्यांची अशी श्रद्धा की सणावाराला मंदिराच्या पायरीला डोकं टेकल्याशिवाय त्या पाणी पीत नसत. हे लग्न दोघांच्याही घरच्यांना मान्य नव्हतं, पण त्या दोघांना मान्य होतं आणि त्यांनी ते केलं. दर मंगळवारी संध्याकाळी सासूबाई नायगावच्या त्याच देवळात जात आणि सासरे सोबत जात. ते आत कधी गेले नाहीत. बाहेर कट्ट्यावर बसून ते बायकोच्या चपला सांभाळत. हळूहळू शेजारपाजारच्या बायकाही त्यांच्याकडे चपला ठेवू लागल्या. मग त्या बायकांचे नवरेही तिथेच थांबू लागले आणि देवळाच्या दारात, तीस-चाळीस चपलांच्या मध्ये, देव आहे की नाही यावर दर आठवड्याला सभा भरू लागली. आत घंटा वाजली की सासरे मध्येच थांबत. तेवढा वेळ आतल्यांचा, असा त्यांचा नियम होता. घंटा थांबली की अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे सुरू करत.

या सभेत ते एकदाच निरुत्तर झालेले मी पाहिले. त्यांच्या चाळीचा पुनर्विकास निघाला. जुन्या खोल्या रिकाम्या करून सगळ्यांनी संक्रमण शिबिरात जायचं होतं आणि काही वर्षांनी टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर घर मिळणार होतं. सासऱ्यांनी चाळीत सगळ्यांत आधी सही केली. त्या मंगळवारी एक निवृत्त हवालदार कट्ट्यावर त्यांना म्हणाले, "काय हो, आज आहे ते सोडायचं, मध्ये कुठेतरी लटकत राहायचं आणि मग वर कधीतरी चांगलं घर मिळणार. बघून आलेला एक तरी माणूस आहे का?"

"करार आहे," सासरे म्हणाले.

"आमच्याकडे पोथी आहे."

सगळा कट्टा हसला. सासरे चपलांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मुद्दा चांगला आहे. विचार करून सांगतो." पुढच्या मंगळवारी उत्तर घेऊन आले. पण ते उत्तर इतकं लांब होतं की देवळातली आरती संपून प्रसादही वाटून झाला.

त्यांचा आणखी एक नियम होता आणि तो मला सगळ्यांत मोठा वाटतो. ज्या घरात मृत्यू झाला, त्या घरात तेरा दिवस वाद बंद. चाळीत कोणी गेलं की पाण्याची सोय बघायला सासरे सगळ्यांच्या आधी पोहोचत. भटजी जे मागतील ते आणून देत, पिंड कुठे ठेवायचे, दर्भ कुठे मिळतो, सगळं त्यांना ठाऊक. शेजारच्या खोलीतला एक तरुण मुलगा गेला तेव्हा त्याच्या आईने त्यांनाच विचारलं होतं, "अहो, तो सुखात असेल ना?" सासरे तिथेच बसून राहिले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. तिच्यासाठी चहा करून आणला आणि त्या मुलाने लहानपणी पाण्याची टाकी उघडी ठेवल्याबद्दल आपल्या हातचा किती मार खाल्ला होता ते सांगत बसले. ती बाई पहिल्यांदा हसली आणि मग रडली. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?" ते म्हणाले, "पत्रकार, मला माहीत नसलेली बातमी मी कशी देऊ?"

अशा माणसाने देहदानाचा फॉर्म आणला तेव्हा घरात कोणाला आश्चर्य वाटलं नाही. मेल्यावर शरीर जाळून वाया घालवायचं नाही, वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलांना द्यायचं, हे ते कधीपासून बोलत होते. फॉर्मवर एक रकाना होता, जवळच्या नातेवाइकाची सही. तिथे सासूबाईंनी सही करायची होती आणि त्या करत नव्हत्या. चार वर्षं करत नव्हत्या. आमचा मेहुणा एकदा वैतागून म्हणाला, "अण्णा, द्या इकडे, मी करतो. मुलगा चालतो." सासऱ्यांनी फॉर्म मागे घेतला. "जवळच्या नातेवाइकाची लिहिलंय. तू विरारला राहतोस."

त्यांना ही सही मागच्या दाराने नको होती, जिंकून हवी होती. त्यांनी सगळे मुद्दे मांडले. सासूबाईंना सगळे मुद्दे पटले. "डोळे द्या, काय पायजे ते द्या," त्या म्हणत, "मी नाय बोलले का कदी? पन अख्खा मानूस देऊन टाकला तर मला काय ऱ्हायलं? आमच्यात राख खाडीत सोडतात. माझी सोडतील. तुमची कुठं शोधू? मग भेटायचं कुठं?" यावर सासरे शांतपणे सांगत की भेटण्यासाठी कोणीतरी उरावं लागतं आणि मेल्यावर कोणीही उरत नाही. सासूबाई म्हणत, "मग नाय करत सही." ही सभा चार वर्षं अशीच संपत होती.

एका रविवारी आम्ही संक्रमण शिबिरातल्या त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो. सासूबाई जमिनीवर बसून कोलंबी सोलत होत्या. त्यांना त्या काळात दम लागत असे आणि सोलतानाही मध्येच थांबावं लागे. सासरे समोर बसून ते थांबणं बघत होते. अचानक म्हणाले, "अगं, भेट होणारच नाही असं मी सिद्ध करू शकत नाही."

सासूबाईंनी मान वर केली नाही. "म्हंजे होईल?"

"म्हणजे होणार नाही याचा पुरावा माझ्याकडे नाही."

"हा काय भाव झाला? वाढवा."

"शक्यता फार थोडी आहे. पण अगदी शून्य म्हणता येणार नाही."

"थोडी म्हंजे किती?"

सासऱ्यांनी हिशेब केला. खरोखर केला, डोळे मिटून. "लाखात एक."

"लाखात एक! सकाळी पयल्या गिऱ्हाइकानं असा भाव केला ना, तर मी पाटी उचलून घरी जाते."

"अगं, यात मी वाढवू कसा? तो काय माझा माल आहे?"

"मग तुमचा जो माल हाय त्याचं बोला की," सासूबाई म्हणाल्या. आता त्यांनी हातातली कोलंबी खाली ठेवली होती. "हाय का नाय ते मी नाय विचारत. तुमाला काय वाटतं? भेटावं असं वाटतं का नाय?"

माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आमच्यापैकी कोणाकडेही त्यांच्या कामाचा मुद्दा नव्हता.

"वाटतं," ते म्हणाले.

"किती?"

"पूर्ण."

सासूबाईंनी पदराला हात पुसले. "आना तो कागद." पूर्ण नाव लिहून त्यांनी सही केली. फॉर्मला कोलंबीचा वास लागला. त्याच वासासकट तो दुसऱ्या दिवशी मेडिकल कॉलेजात जमा झाला. देव या विषयावर त्या दिवशी पुढे काही बोलणं झालं नाही. कालवण फार चांगलं झालं होतं.

पुढच्या वर्षी सासूबाई गेल्या. आजार त्यांच्या छातीत आधीपासून होता, तो शेवटी फार रेंगाळला नाही. सासऱ्यांनी त्यांच्या इच्छेप्रमाणे सगळं केलं. दहावं, तेरावं, काही सोडलं नाही. सासूबाईंच्या भावाच्या होडीतून आम्ही खाडीच्या तोंडापर्यंत गेलो आणि ओहोटी लागल्यावर राख सोडली. देवळातले पुजारी भेटायला घरी आले. चाळीस वर्षांचं उट्टं काढायची ती वेळ होती. ते सासऱ्यांच्या शेजारी सतरंजीवर बसले, तासभर बसले आणि उठताना एवढंच म्हणाले, "मंगळवारी कट्ट्यावर या. चपला आहेतच." सासरे मंगळवारी तिथे गेले. अजून जातात. तिथे ते पूर्वीचीच बाजू मांडतात आणि पूर्वीसारखेच जिंकतात.

सासूबाई गेल्यानंतर तीनेक महिन्यांनी त्यांनी मला मेडिकल कॉलेजात सोबत चला म्हणून सांगितलं. मला वाटलं, फॉर्म रद्द करायचा असेल. देहदानाच्या खिडकीवर एक तरुण बाई होत्या. सासऱ्यांनी त्यांना विचारलं, "मुलांचा अभ्यास संपल्यावर जे उरतं त्याचं काय करता?"

"आम्हीच अंत्यसंस्कार करतो, काका. व्यवस्थित करतो."

"ती राख घरच्यांना मिळेल का?"

"माझ्याकडे तरी असं कोणी मागितलेलं नाही. अर्ज देऊन ठेवा, मी साहेबांपुढे ठेवते. पण शब्द नाही देत हां."

"शब्द नको. अर्ज घ्या."

बाईंनी विनंती अर्जाचा एक छापील कागद दिला. सासऱ्यांनी सावकाश भरला. नाव, वय आणि पत्त्याच्या रकान्यात संक्रमण शिबिराचा पत्ता. विनंती या रकान्यात त्यांनी लिहिलं की आपली राख आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या ताब्यात द्यावी आणि ती शीवच्या खाडीत सोडण्यात यावी. खाली कारणाचा रकाना होता. तिथे पेन थांबलं. मागे रांग वाढत होती.

"काका, धार्मिक लिहा," बाई मदतीच्या सुरात म्हणाल्या. "राखेसाठी कारण तेच असतं."

"ते खरं नाही," सासरे म्हणाले.

"मग रिकामं सोडा."

"रिकामंही नाही."

मग त्यांनी लिहिलं. त्यांचं अक्षर मोठं आहे, मला खांद्यावरून वाचता आलं. लिहिलं होतं: 'बायको तिथे आहे.'

बाईंनी वाचलं, एकदा सासऱ्यांकडे पाहिलं आणि शिक्का मारला. बाहेर येऊन आम्ही जिन्यापाशी उभे राहिलो. सासऱ्यांनी अर्जाची प्रत उजेडाकडे धरून शिक्का नीट उमटला आहे ना ते पाहिलं, घडी घालून खिशात ठेवली, परत काढून पुन्हा पाहिली. मग म्हणाले, "चला पत्रकार, उशीर झाला. आज मंगळवार आहे."