सरांचे दोन रकाने

आमच्या ताईंच्या वडिलांनी जन्मभर एकच गोष्ट मन लावून केली, ती म्हणजे मार्क देणे. माणसाला, कुत्र्याला, लिफ्टला, पावसाला, कुणालाही. इंग्लंडातल्या एका लहानशा गावी त्यांनी तीस वर्षं शाळेत आणि वरच्या सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला, गणित शिकवलं. तिथल्या प्रगतिपुस्तकात दोन रकाने असायचे, एक निकालाचा आणि एक प्रयत्नांचा. बायको गेल्यावर ते मुलीकडे सिंगापुरात, तोआ पायोहला आले, ते हे दोन रकाने बरोबर घेऊनच. खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमधल्या कॉफीवाल्या अंकलना "निकाल सी, प्रयत्न बी". अंकल हसून म्हणायचे, "बी ओके लाह, टीचर!" ताईंच्या आमटीला त्यांनी निकालात डी दिला. ताई दिवसभर बोलल्या नाहीत, तर रात्री अबोल्यालाही मार्क मिळाले. प्रयत्नांना ए मात्र कुणालाच नाही. "ए मिळाला की पोरगं हातपाय गाळतं. ए द्यायचा तो शाळा सोडून जाणाऱ्याला, शेवटच्या दिवशी. मग बिघडायला वेळच उरत नाही."

मी नववीत शाळा सोडलेला वेल्डर. ताई आमच्या जहाजदुरुस्तीच्या कंपनीत इंजिनियर. गेल्या वर्षी कंपनीने बजावलं की वरच्या कामाची परीक्षा द्या, नाहीतर परमिट संपलं की घरी जा. घरची चार तोंडं माझ्यावर, आणि पेपर निघाला गणिताचा. माझं तोंड बघून ताईंनीच मला वडिलांपुढे नेऊन उभं केलं.

"साळवी, शाळा का सोडलीस?"

"गणितामुळे, सर."

"गणिताने तुला सोडलंय का? नाही ना? मग बस खाली."

दर रविवारी ब्लॉकखालच्या दगडी टेबलावर वर्ग भरायचा. सरांच्या गळ्यात शाळेचा टाय, पायांत रबरी चपला. माझ्या एकट्याची हजेरी घ्यायचे, आणि मी "येस सर" म्हटल्यावरही इकडेतिकडे बघून घ्यायचे, दुसऱ्याच कुणी ओ दिली नाही ना म्हणून. उत्तर चुकलं की बोलायचे नाहीत, नुसता डावा डोळा मिटायचे. पहिल्या खेपेला मी नापास झालो आणि तिथेच रडलो. "निकाल ई, प्रयत्न बी," सर म्हणाले. "सोळाव्या वर्षी शाळा सोडलेली माझी पोरं पुढे बाजारात भेटली की मान खाली घालायची. तू वर ठेव. खाली घातलीस तर वही भिजते."

आणखी एकच संधी होती. तिच्या तीन आठवडे आधी सरांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी हॉस्पिटलात वही घेऊन जायचो. दुसरं काय नेणार? खाटेशी बसून गणितं सोडवायचो, चुकलं की डावा डोळा मिटायचा. तेवढी एक शाळा चालू राहिली.

पास झालो. परमिट वाढलं. निकालाचा कागद घेऊन धावत गेलो तेव्हा ताई उशाशी होत्या. सरांनी डाव्या हाताने पेन्सिल मागितली. कागदाच्या कडेला फार वेळ लावून सी काढला. मग थांबले.

"आणि प्रयत्न? बी ना, बाबा?" ताईंनी विचारलं.

दोन तिरक्या रेघा, मध्ये एक आडवी.

"अरे साळवी, ए दिला तुला!" ताई हसल्या, मग ए कधी द्यायचा ते त्यांनाही आठवलं असावं. शाळा सोडून मी तर कुठेच चाललो नव्हतो.

"सर, पुढच्या रविवारी येतो," मी म्हणालो.

सरांनी माझ्याकडे बघितलं, आणि हळूच डावा डोळा मिटला.