दहा मिनिटांचा ओटीपी

पहिला मार दिपालीने मोजला होता. चार थपडा, तेराशे रुपयांच्या गॅसच्या पावतीवरून. पुढे तिने मार मोजणं सोडलं. घरातला बाकी हिशेब मात्र ठेवत राहिली.

सावेडीत पाइपलाइन रोडच्या मागच्या गल्लीत त्यांच्या दोन खोल्या. नवरा अजिनाथ दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर. दिपाली एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. लहान मुलांच्या, म्हाताऱ्यांच्या दडून बसलेल्या शिरा तिच्या बोटांना बरोबर सापडतात, म्हणून अवघड पेशंट तिच्याकडेच पाठवतात. पगार चौदा हजार दोनशे. एक तारखेला ती पलंगावर नोटा मांडायची. भाड्याच्या वेगळ्या, किराण्याच्या वेगळ्या, मग दूध, गॅस, सासूच्या बीपीच्या गोळ्या. अजिनाथ कधी नऊ हजार द्यायचा, कधी चार.

गेल्या वर्षी पगाराच्या खात्यावर बँकेने तिला क्रेडिट कार्ड दिलं. लिमिट एक लाख. नाव तिचं, पण कार्ड राहिलं अजिनाथच्या पाकिटात. घरात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पाथर्डीकडच्या त्यांच्या गावातून ऊसतोडीला नवराबायको जोडीने जातात. त्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल नवरा घेतो, फेडायला दोघं वाकतात. सासू लंकाबाई अशा एकोणीस हंगाम वाकल्या होत्या. अजिनाथला कार्डाचं लिमिट म्हणजे उचलच वाटली.

कोपऱ्यावर भागवतचं मोबाईलचं दुकान आहे. कार्डावर खोटी खरेदी दाखवून तो रोख पैसे द्यायचा आणि शेकडा तीन रुपये कापायचा. खरेदीसाठी लागणारा ओटीपी दिपालीच्या मोबाईलवर यायचा. ती लॅबमध्ये कुणाच्या दंडाला पट्टा बांधत असली तरी अजिनाथचा फोन यायचा, "नंबर सांग." ती सांगायची. एकदा सांगायला उशीर झाला, तेव्हा तिची वेणी दाराच्या कडीत अडकवून त्याने कडी लावली होती. आतल्या खोलीत लंकाबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला. त्या नेहमीच वाढवायच्या.

सात महिन्यांत कार्डावर एकसष्ट हजारांची बाकी झाली. बँकेने सांगितलेली कमीत कमी रक्कम दर महिन्याला दिपाली भरत होती, आणि आकडा जागचा हलत नव्हता. स्टेटमेंट पुढ्यात ठेवून तिने अजिनाथला ते दाखवलं.

"मग काय झालं?" तो म्हणाला. "मुकादमाकडं बाकी राहिली तर पुढच्या हंगामावर जाती. तशीच जाती ही."

"मुकादम व्याज लावतो का?"

"न्हाई."

"बँक लावते. महिन्याला साडेतीन टक्के. माझा पगारच खाईल उद्या."

"लई शिकलीस," म्हणत त्याने स्टेटमेंटचा बोळा केला, तिचा जबडा धरून तोंडात कोंबला आणि तिला चावायला लावला. कागदाच्या कडेने तिचा ओठ फाटला.

त्या दिवशी तिने ठरवलं, उरलेल्या एकोणचाळीस हजारांना हात लावू द्यायचा नाही.

रविवारी सकाळी अकराला फोन आला. अजिनाथ भागवतच्या दुकानात होता. कुणाचा तरी जुना टेम्पो विकायला निघाला होता, आणि तो घ्यायला अजिनाथला पस्तीस हजार आगाऊ द्यायचे होते. "आपला टेम्पो झाल्यावर बघ," असं तो आठवडाभर म्हणत होता, आणि म्हणताना त्याचा चेहरा निवळायचा, लग्नातल्या फोटोसारखा.

"आला का नंबर?"

"आला."

"सांग मग."

"नाही सांगणार."

मागून भागवतचा हसण्याचा आवाज आला. "दाजी, ताई मुहूर्त बघत्यात काय?"

फोन बंद झाला. दुकान तीन मिनिटांवर, ओटीपी दहा मिनिटांचा. दिपालीने दार आतून लावलं आणि बँकेच्या हेल्पलाइनला फोन केला. कार्ड कायमचं बंद करायचंय, म्हणाली. बँकेतल्या बाईने पूर्ण नाव विचारलं. मग जन्मतारीख. तेवढ्यात दारावर पहिली लाथ बसली.

"मॅडम, मागे आवाज कसला येतोय?"

"घरात काम काढलंय," दिपाली म्हणाली. "आईचं नाव कडूबाई. पुढचं विचारा."

कडीचे स्क्रू उखडले तेव्हा ती बाई सांगत होती, कार्ड बंद झालं आहे, बाकी मात्र भरावी लागेल.

अजिनाथने तिला केसांना धरून कपाटापर्यंत फरफटत नेलं. लोखंडी कपाटाच्या दाराच्या फटीत तिचा उजवा हात घातला आणि दारावर पाठ टेकून उभा राहिला. "नंबर." तिने ओठ मिटून घेतले. त्याने पाठीने रेटा दिला. बोटांत काहीतरी कडकन वाजल्याचं तिला आधी ऐकू आलं, दुखलं नंतर. मग तिने सहाही आकडे सांगितले, एकेक करून. त्याने ते भागवतला कळवले.

"दाजी, कार्ड बंद दाखवतंय," भागवत म्हणाला.

अजिनाथने फोन खिशात ठेवला, कपाटाचं दार पुरतं उघडलं आणि सगळ्या जोराने पुन्हा लोटलं.

दिपालीच्या ओरडण्यावर टीव्हीचा आवाज वाढला नाही. लंकाबाई वरवंटा घेऊन बाहेर आल्या. त्यांनी मुलाच्या नडगीवर घाव घातला. तो खाली बसला तसा दुसरा, त्याच जागी, उसाच्या बुडख्यावर घालतात तसा तिरका आणि खालून.

"आई, मी हाय," तो म्हणाला.

"व्हय. तूच हायस."

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी कशाने लागलं विचारलं. दिपाली बोलायच्या आत लंकाबाई म्हणाल्या, "हिचा हात माझ्या लेकानं मोडला. अन् त्याचा पाय मी मोडला. दोनीबी लिवा."

तीन बोटं मोडली होती. पोलिसांनी जबाब घेतला. खोलीचा भाडेकरार दिपालीच्या नावावर होता. अजिनाथ प्लास्टर घातलेल्या पायाने भावाकडे गावी गेला. लंकाबाई त्याच्यासोबत गेल्या नाहीत.

बँकेने एकसष्ट हजारांचे चोवीस हप्ते पाडून दिले, तीन हजारांच्या आसपास. लॅबने तिला शिरांवरून उठवून रिसेप्शनला बसवलं, पगार निम्मा केला. एक तारखेला दिपालीने डाव्या हाताने पलंगावर नोटा मांडल्या. सगळ्यात आधी हप्ता.

"माझ्या गोळ्या एक दिवसाआड घेते," लंकाबाई म्हणाल्या.

"नाही आत्या. दूध बंद करू."

तेवढ्यात मोबाईल वाजला. अठरा दिवसांनी अजिनाथचा पहिलाच फोन.

"भागवत सांगत हुता, बंद झालेलं कार्ड परत चालू करता येतं म्हनं."

दिपालीने हप्त्याच्या नोटा बाजूला सारल्या.

"इचार की बँकेत. टेम्पो अजून गेला न्हाई."

"माझा हात कसा आहे, ते विचारा."

मग तो म्हणाला, "कसा हाय?"

"मोडलाय," ती म्हणाली, आणि फोन ठेवून भाड्याच्या नोटा मांडू लागली.