सहावी सिरिंज

किशोर मुकणे जन्मला तो तानशाजवळच्या वाडीत. आईबाप दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे. किशोरही जायचा. एका वर्षी भट्टीवरचा ट्रक बंद पडला. तो दुरुस्त करायला आलेल्या माणसाला हा दिवसभर पाने-पेचकस देत राहिला आणि त्याच्यामागोमाग शहापूरला गेला तो परत भट्टीवर गेलाच नाही. आज शहापुरात त्याचं स्वतःचं दुकान आहे. झिजलेलं इंजिन त्याच्याकडे येतं, तो सिलेंडर आतून केसभर कापून गुळगुळीत करतो, त्यात मापाचे मोठे पिस्टन बसतात आणि गाडी धूर सोडायची थांबते. याला सगळे 'बोअर करणं' म्हणतात.

गेल्या जानेवारीत धसईजवळच्या मोकळ्या शेतांत गाड्यांची शर्यत भरली होती. भात निघालेलं, जमीन कडक झालेली, बांध फोडून वाट केलेली. किशोर नुसता बघायला गेला होता. आठशे सीसीपर्यंतच्या जुन्या छोट्या गाड्यांच्या गटात कसाऱ्याचा विपुल पहिला आला. मुरबाडची दिपिका भोईर दुसरी. ती रोज भाजीचा टेम्पो चालवते. गाडीतून उतरली ती सरळ आयोजक सुरेंद्र देसलेंकडे गेली.

"याचं इंजिन आठशेच्या वर हाय. मोजा."

"कशावरून?"

"चढावर मला ज्या तऱ्हेनं मागं टाकलं त्यावरून. मी नियमासाठी माझं बोअर केलेलं इंजिन काढून मूळ मापाचं बसवलंय. मग त्याला का सूट?"

बोलणं रास्त होतं. पण मोजायचं तर इंजिन खोलायला हवं, आणि विपुलला त्याच गाडीनं घरी जायचं होतं. तेवढ्यात कोणीतरी किशोरकडे बोट दाखवलं.

किशोर पुढे आला, पण गाडीला हात लावण्याआधी म्हणाला, "एक सांगतो. ही गाडी दोन वर्षांमागं माझ्याच दुकानात आलेली. तेव्हा बोअर केलं का नुसतं घासून दिलं, मला आठवत नाय. आठवणीवर कुणाला बाद करू नका. सगळं इंजिन न खोलता मी मोजतो, पण आकडा दुसऱ्यानं वाचायचा."

"दिपिका वाचेल," देसले म्हणाले. विपुलनं होकारार्थी मान हलवली. त्याला कसली भीती नव्हती.

आधी इंजिन थंड होऊ दिलं. मग किशोरनं वरचं झाकण काढून व्हॉल्व्हचे स्क्रू सैल केले, म्हणजे व्हॉल्व्ह घट्ट मिटून राहतील. एक प्लग काढला. त्याचं भोक सगळ्यात वर यावं, आत हवा अडकू नये म्हणून गाडी एका बाजूनं जॅकवर तिरपी उचलली. इंजिन पान्यानं फिरवून पिस्टन पार वर आणला आणि उरलेली पोकळी ऑइलनं काठोकाठ भरली.

"आता पिस्टन खाली नेतो," तो जमलेल्या लोकांना म्हणाला. "ऑइल खाली जाईल. परत काठापर्यंत भरायला जेवढं लागंल, तेवढंच त्या सिलेंडरचं माप. असे तीन सिलेंडर."

औषधाच्या दुकानातून पन्नास मिलीची मोठी सिरिंज आणवली होती. मूळ मापाला पाच सिरिंज आणि सहावीतले पंधरा लागतात. सतराला टेकलं की गाडी आठशेच्या वर.

पाच सिरिंज गेल्या. सहावी किशोर थेंबाथेंबानं सोडत होता. ऑइल काठाला लागलं तसा तो थांबला आणि सिरिंज दिपिकाकडे दिली.

तिनं ती डोळ्यांसमोर धरली. "एकतीस उरलंय. म्हणजे एकोणीस गेलं," ती हळूच म्हणाली.

"थांबा." किशोर भोकाकडे बघत राहिला. ऑइल कुठून झिरपत असेल तर आकडा खोटाच वाढणार. पण काठावरचं ऑइल हललं नाही. त्यानं उरलेले दोन्ही सिलेंडर तसेच मोजले. दोन्हींत एकोणीस.

"आठशे सात-आठ सीसी," तो म्हणाला. "बोअर केलेलंच हाय. माझंच काम."

विपुल त्याच्याकडे बघतच राहिला. "दादा, मी धूर मारते म्हणून गाडी आणलेली. तुमी बोललात, नव्यासारखी पळंल. सीसी वाढतो ते कुठं बोललात?"

"तू शर्यतीत उतरणार ते मला ठावं नव्हतं रे."

"मग आज तरी गप बसायचंत."

नियमाप्रमाणे विपुल बाद झाला. पहिल्या नंबरची ढाल दिपिकाला मिळाली. ती घेऊन ती विपुलकडे गेली आणि म्हणाली, "तू मुद्दाम नाय केलंस, ते मला कळलं." तो "हं" म्हणाला आणि गाडीतलं ऑइल उपसायला लागला. किशोर मदतीला वाकला, तर विपुलनं पाठ फिरवली.

घरी आल्यावर किशोर जेवला नाही. बायकोनं, रत्नानं, सगळं ऐकून घेतलं. "खोटं बोलला असता तर जेवला असता?" तिनं विचारलं.

"तरी पण नाय," तो म्हणाला.

त्या दिवसापासून त्याची एक सवय बदलली. इंजिनचा ब्लॉक, म्हणजे सिलेंडर असलेला भाग, परत देताना तो आता गिऱ्हाइकाला थांबवतो, किती कापलं आणि सीसी किती वाढला ते सांगतो. पुष्कळांना त्यात काडीचा रस नसतो. "चालते ना गाडी?" म्हणून ते निघतात. हा सांगतोच.

विपुल दिवाळीपर्यंत फिरकला नाही. कल्याणला काम करून घेतो, असं कानावर आलं होतं. मग एका सकाळी तो स्वतःच आला. ब्लॉक टेबलावर ठेवला.

"पुढच्या मापाचा करा. औंदा मोठ्या गटात उतरतोय."

"मोठ्या गटात हजारच्या गाड्या असतात. मागं पडशील."

"पडंन. पन मोजायला कोन आला तर बिनधास्त मोजा."

किशोरनं ब्लॉक मशीनवर चढवला. विपुल स्टूल ओढून त्याच्याशेजारी बसला. दुपारी रत्नाचा डबा आला तेव्हा किशोरनं झाकणात भात काढला आणि अर्धा डबा त्याच्यापुढे सरकवला. विपुलनं हात पुसले आणि जेवायला घेतलं.