मढच्या खडकावरचे कोरल

चैत्रातल्या कलत्या उन्हात वाळत घातलेल्या बोंबलांचा उग्र, खारट दर्प एखाद्या झुळकीसरशी नाकाशी आला, की मला मढच्या टोकावरची ती संध्याकाळ आठवते. ऐंशीच्या दशकातली ती मधली वर्षं. आम्ही पार्ल्यात राहायचो. माझे यजमान बँकेत होते. हिवाळा सरून पक्षी उत्तरेकडे परतू लागले, की सुटीच्या दुपारी हे एकटेच वेसाव्याहून होडीने खाडी ओलांडून मढला जात, आणि दिवेलागणीनंतर परतत ते वाऱ्याने चिकट झालेल्या सदऱ्यानिशी, कोरल पक्ष्यांच्या गोष्टी घेऊन. लांब, खाली वाकलेल्या चोचीचा, मातकट रंगाचा तो पाहुणा दिसायला साधाच. पण त्याची शीळ, हे सांगत, अरुंद तोंडाच्या चंबूतून पाणी ओतावं तशी बुडबुडत, सात सूर सांडत जाणारी. मी पोळ्या लाटता लाटता "हं" म्हणे.

त्या वर्षी मात्र हे म्हणाले, "अगं, आज तूही चल."

मुलांना शेजारी ठेवून मी गेले. भरती चढत होती. चिखलपट्टी पाण्याखाली जाऊ लागली तसे पाखरांचे थवे खडकांवर उतरत होते आणि त्यांच्या शिळांनी सारा आसमंत थरथरत होता. एवढं गोड काही घरापासून इतक्या जवळ दर चैत्रात घडत असतं, या नवलात मी बुडालेली असताना, समुद्रावरची नजर न काढता हे म्हणाले, "गेल्या रविवारी एकही बोलला नाही. आजही गप्प आहेत. खरं सांग, गप्पच आहेत ना?"

त्या 'ना'मध्ये एवढं आर्जव होतं, की 'हो' माझ्या ओठांवर आलं. घरात हाक दोनदा मारावी लागे, रेडिओ मोठ्याने लागे, ते मी विसराळूपणावर ढकललं होतं. यांना स्वतःच्या कानांची शंका आली होती, आणि म्हणूनच मला बरोबर आणलं होतं.

"नाही हो," मी मोठ्याने म्हणाले, "ओरडतायत. सगळेच."

हे समुद्राकडून माझ्याकडे वळले. मग माझ्या ओठांकडे बघत म्हणाले, "कसे? सांग ना."

शीळ घालायला गेले, तर नुसती हवा आली. उपमा शोधली, ती यांचीच निघाली. शेवटी यांचा हात हातात घेतला आणि पक्षी ओरडेल तशी तळव्यावर बोटं वाजवत राहिले.

"लय चुकतेय तुझी," हे हसून म्हणाले. पण हात काढून घेतला नाही. सूर्य पाण्याला टेकताना थवा उठला, ओरडत ओरडतच उत्तरेला वळला, आणि तो ठिपका होऊन विरेपर्यंत हे नुसते पाहत राहिले.

पुढे कानाचं यंत्र आलं. त्यात लाटा, बस आणि मी, सगळ्यांचा एकच खरखरता आवाज येतो, म्हणून हे ते काढून ठेवत. मढला मात्र दर चैत्रात आम्ही दोघं जाऊ लागलो. हे पाहत, मी ऐकत असे. "कसे?" हे यांनी पुन्हा कधीच विचारलं नाही. विचारायला हवं होतं. त्या शिळेतला शेवटचा सूर किंचित उतरतो, हे हळूहळू मला कळू लागलं होतं. तो उतरला, की मी वळून पाही, आणि हे क्षितिजाकडे डोळे लावून, आत कुठेतरी साठवलेलं काही ऐकत असल्यासारखे बसलेले दिसत.

आता हे नाहीत. यांना आठवत होती ती शीळ आणि मी ऐकत होते ती, एकच होती का, हे माझ्याकडून विचारायचं राहून गेलं.