हातवर काकाजी

सभा कोणत्याही पक्षाची असो, तिसऱ्या-चौथ्या रांगेत एक हात वर असायचाच. टाळीसाठी नाही, घोषणेसाठी नाही. वर्गातल्या पोरानं मास्तरांची परवानगी मागावी तसा सरळ, बोटं मिटलेला, मुकाट हात. दुखायला लागला की डाव्या हातानं उजव्या कोपराला टेका द्यायचे, पण हात खाली म्हणून यायचा नाही. वस्तीनं त्यांचं नावच पाडलं होतं हातवर काकाजी. खरं नाव मतदार यादीत होतं आणि ते तिथंच राहिलं.

मी मंडप आणि माईकवाला. हिंगणघाटपासून जामपर्यंत कोणाचीही सभा असली की खुर्च्या माझ्या, भोंगे माझे आणि आवाज खरखरला की शिव्याही मलाच. त्यामुळे आमच्या भागातल्या विधानसभेच्या सगळ्या उमेदवारांचे विचार मी फुकटात ऐकलेले आहेत, तेही भोंग्याखाली उभं राहून. पाणी, वीज, कापसाचा भाव, तरुणांना काम. सगळ्यांचे विचार इतके चांगले की कोणाला पाडावं हेच कळू नये. आणि त्या सगळ्या चांगल्या विचारांच्या समोर काकाजींचा तो एक हात.

हात वर करायची सवय त्यांना मिलमध्ये लागली. मिल चालू होती तेव्हा काकाजी तिथं सूतकताईला होते. पाळी सुटली की गेटवर कामगारांची सभा भरायची आणि त्या सभेचा एक कायदा होता. बोलायचं असेल त्यानं हात वर करायचा, आणि एक जरी हात वर असला तरी पुढाऱ्यानं सभा संपवायची नाही. काकाजी मोठ्या कौतुकानं सांगायचे, "एका हमालानं हात वर केलता, सुटीचं इचाराले. तेवढ्यात पानी आलं. पन सेक्रेटरी हालला नाई बे! भिजत उभा राह्यला. म्हने, हात वर हाय तोवर सभा चालू हाय." मिल बंद पडली, गेटला गंज चढला, सेक्रेटरी वारले. कायदा मात्र काकाजींच्या डोक्यात तसाच चालू राहिला. सगळ्या जगातल्या सभा त्याच कायद्यानं चालतात अशी त्यांची समजूत होती आणि ती काढायची कोणाची छाती झाली नाही.

त्यामुळे व्हायचं काय, तर उमेदवाराचं भाषण संपायचं, घोषणा व्हायच्या, गाड्या धूळ उडवत पुढच्या गावाला जायच्या, आणि काकाजी रिकाम्या खुर्च्यांमध्ये हात वर करून उभे. आमची पोरं त्यांच्या आजूबाजूनं सतरंज्या गुंडाळायची. मी म्हणायचो, "काकाजी, सभा संपली जी."

"अशी कशी संपली? माह्या हात वर हाय ना."

"अहो, साहेब गेले!"

"येईन मंग. इसरले असन." असं म्हणून आणखी थोडा वेळ थांबायचे, मग मला खांब उपटायला मदत करायचे आणि घरी जायचे. माणसाला इतकं भोळं राहता येतं याचा मला कधी राग यायचा, कधी हेवा वाटायचा.

विचारायचं तरी काय होतं त्यांना? एकच. हायवे चार पदरी झाला तेव्हा आमची वस्ती इकडं राहिली आणि गाव तिकडं गेलं. शाळा, दवाखाना, रेशनचं दुकान, आठवडी बाजार, सगळं तिकडं. मध्ये दुभाजक. गाडीवाल्याला जामकडं बरंच पुढं जाऊन वळून येता येतं. पायी माणसानं काय करायचं ते कोणी ठरवलेलंच नाही. लोकांनी दुभाजकाला लागून दोन-दोन दगड रचले आणि तीच आमची पायवाट झाली. काकी, म्हणजे काकाजींची बायको, तिकडच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. तिच्या गुडघ्यांनी कधीच संप पुकारला होता. धावणं सोडा, दुभाजकावर चढताना ती "बाप्पा बाप्पा" करत दोनदा बसायची.

म्हणून रोज सकाळी काकाजी तिला पलीकडं सोडायचे आणि दुपारी आणायला जायचे. इथंही हात वरच. येणाऱ्या ट्रकसमोर हात धरायचे, ड्रायव्हरच्या डोळ्यांत डोळे घालायचे आणि मगच पाऊल टाकायचे. काकी मागून त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून चालायची. हात धरत नसे. "लोक पाह्यते," म्हणायची. हैदराबादकडं जाणारे भले मोठे ट्रक करकचून थांबायचे, ड्रायव्हर आईमाईवरून बोलायचे, पण थांबायचे. काकाजी मला म्हणाले होते, "सुन्या, ट्रकवाला थांबते बे. भाषणवाला काऊन नाई थांबत?"

रस्त्याखालून बोगदा व्हावा एवढंच त्यांचं मागणं. आणि स्वतःसाठी नाहीच. "मी हाओ तोवर मी नेतो हिले. मी गेलो का मंग हिले कोन नेईन?" हे वाक्य ते मला सांगायचे, सलूनमध्ये सांगायचे, चहाच्या टपरीवर सांगायचे. काकी जवळ असली तर चिडायची. "जाची घाई झाली का तुमाले?" म्हणायची आणि विषय तिथंच मोडायची.

आता तुम्ही म्हणाल, उमेदवारांनी उत्तर दिलं नाही. छे हो! उत्तर सगळ्यांनी दिलं. दारात मतं मागायला आले की काकाजी विचारायचेच आणि प्रत्येक जण हो म्हणायचा. एकजात सगळे. काकाजींनी त्या होकारांच्या जाती पाडल्या होत्या. नुसती मान हलवली तर ते कच्चं हो. खांद्यावर हात ठेवला तर पक्कं हो. आणि "शंभर टक्के!" असं म्हणून उमेदवारानं शेजारच्या कार्यकर्त्याला "लिहून घे रे" म्हटलं, की काकाजी निराश व्हायचे. "हे सर्वात खराब. हा तं आत्ताच इसरला." एकदा ते फार वैतागले होते. म्हणाले, "एखादा नाई म्हननारा भेटाले पाह्यजे. त्याच्याशी भांडता येते. ह्या हो म्हननाऱ्यायशी कसं भांडावं, सांग बरं?" मी त्या सगळ्यांच्याच सभांचे भोंगे बांधायचो.

एकदा मी त्यांच्या हातात माईक दिला. आमच्या भागात ज्यांना सगळे नुसतं भाऊ म्हणतात, त्यांची सभा होती. भाषण रंगात होतं, काकाजींचा हात वर होता, आणि मला राहवलं नाही. आयोजक माझ्याकडं डोळे वटारून बघत होता, तरी दिला. काकाजींनी बोगद्याचं विचारलं. भाऊ क्षणभरही अडखळले नाहीत. "काकाजींनी माझ्या मनातला प्रश्न विचारला! बोगदा होणार म्हणजे होणार!" टाळ्या काय, शिट्ट्या काय! काकाजींनी माईक पुन्हा तोंडाशी नेला, "पन भाऊ, कवा?" तोवर ढोल सुरू झाले होते. तो 'कवा' फक्त मला ऐकू आला, कारण मी त्यांच्या शेजारी होतो.

मागच्या विधानसभेला नालवाडीच्या एक वकीलबाई उभ्या होत्या. छोटा पक्ष, एक रिक्षा, चार कार्यकर्ते, माझ्याकडचा सगळ्यात स्वस्त भोंगा. वस्तीच्या चौकात माणसं पंधरा-वीस. बाई बोलता बोलता थांबल्या आणि म्हणाल्या, "काकाजी, तुमचा हात कधीचा वर आहे. विचारा ना."

सभा थांबली. खरोखर थांबली. आणि काकाजींना काही सुचेचना! इतक्या वर्षांत हात बघून कोणी थांबलंच नव्हतं. ते इकडं तिकडं बघायला लागले, घसा खाकरला, आणि म्हणाले, "जय भीम ताई. तुमी जेवल्या का?" सगळे हसले. बाईही हसल्या. "जेवायची आहे अजून. विचारा तुम्ही." मग काकाजींनी विचारलं.

बाईंनी प्रश्न पूर्ण ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "काकाजी, खोटं नाही बोलत. मी निवडून आले तरी बोगदा होईल असं सांगता येत नाही. हा रस्ता दिल्लीच्या ताब्यातला. आमदार पत्र देऊ शकतो, भांडू शकतो, तेवढंच. मी पत्रं देईन, भांडेन. पण होईलच असं नाही म्हणणार."

त्यांचे कार्यकर्ते कपाळावर हात मारून घेत होते. काकाजींचा हात मात्र पहिल्यांदाच आपणहून खाली आला. घरी जाताना ते अगदी हलके झाले होते. "पाह्यलं का सुन्या? ह्याले म्हनते उत्तर!" दुसऱ्या दिवसापासून गळ्यात बाईंचा गमछा घालून त्यांनी दारोदार प्रचार सुरू केला. "हे बाई खरं बोलते. बोगदा होनार नाई म्हनते," असा प्रचार! लोक पोट धरून हसायचे. नाही म्हणणारीला कोण मत देणार? भाऊ दणक्यात निवडून आले आणि बाईंचं डिपॉझिट गेलं.

निकालाच्या संध्याकाळी मी त्यांच्याच घरी होतो. काकाजी काकीला म्हणाले, "आपल्या घरचे दोन मतं तं पडले बाईले." काकी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "एकच पडलं. मी भाऊले देल्लं."

"काऊन?"

"तो हो म्हनते. तुमी नाई म्हननारीकडं गेले. घरात कोनीतरी हो वर भरोसा ठेवाले पाह्यजे ना?"

काकाजी भांडतील असं मला वाटलं. पण ते नुसते हसले, आणि जेवायला बसले. मलाही वाढायला लावलं. त्या दिवशीसारखी वांग्याची भाजी मी पुन्हा खाल्ली नाही, पण तिची चव आता मला सांगता यायची नाही, कारण पुढचं सगळं तिच्यात मिसळून गेलं आहे.

त्यानंतरच्या हिवाळ्यात काकाजी गेले. रस्त्यावर नाही. घरी, खाटेवर, ताप डोक्यात चढून. दवाखाना पलीकडं. मी गाडी काढली, जामकडं जाऊन वळून डॉक्टरला आणेपर्यंत उशीर झाला की आधीच झाला होता, ते डॉक्टरनं काही नीट सांगितलं नाही. मौतीला आलेला भाऊंचा एक कार्यकर्ता माझ्या कानाशी हळहळला, "रस्त्यावर गेले असते ना, तर बोगदा मंजूर झाला असता लवकर." बिचारा मनापासून बोलत होता. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, पण तो चुकीचं बोलत नव्हता, त्यामुळे हात उठला नाही.

काकीनं महिनाभर प्रयत्न केला. रोज सकाळी रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहायची. कोणी नेणारं भेटलं तर जायची. नाही भेटलं तर उभीच. मी गावात असलो की न्यायचो, पण माझा धंदा फिरतीचा. काही दिवस तिनं स्वतः हात वर करून बघितला. ठेंगणी बाई, तिचा हात ट्रकवाल्याला दिसायचा तरी का? एकदा एक गाडी तिच्या पदराला घासून गेली. त्या दिवशी ती कडेलाच मातीत बसली आणि दुपारपर्यंत उठलीच नाही. शाळेत पोरं उपाशी राहिली. मग तिनं काम सोडलं. खिचडीला आता गावाकडचीच एक बाई लागली आहे.

आणि मग भाऊ आले, सांत्वनाला. आमदार येणार म्हणून खुर्च्या कोणी आणायच्या? मीच आणल्या. भाऊंनी काकाजींच्या फोटोला हार घातला, डोळे पुसले. खोटे नसतील पुसले, मला माहीत नाही. म्हणाले, "काकी, काकाजींच्या बोगद्याचा शब्द मी दिलाय. शंभर टक्के होणार!"

काकी पदर सारखा करत म्हणाली, "राहू द्या आता भाऊ. खिचडीचं काम सुटलं. मले त्या पार जाचं कामच नाई राह्यलं. तुमी तरास नका घेऊ."

भाऊंच्या चेहऱ्यावरचा तो सुटल्यासारखा भाव मी मरेपर्यंत विसरायचो नाही. ते बरोबरच्या माणसांकडं वळून म्हणाले, "बघा, किती समजूतदार आहेत आमच्या माऊली!" चहा झाला. गाड्या गेल्या.

माझं डोकं फिरलं. मी ओरडलोच, "काकी, काऊन म्हटलं तू असं? वस्तीतली बाकीची माणसं नाहीत का? पोट्टे नाई का जात शाळेत त्या दगडांवरून?"

ती कप गोळा करत होती. थांबली. म्हणाली, "सुन्या, त्या बोगद्यापायी ह्यायचा हात दुखून दुखून गेला रे. रात रात तेल लावून देत होती मी. आता झाला बी तो, तं मी एकटी कशी जाऊ त्याच्यातून?"

मी खुर्च्या गाडीत भरल्या.

आता वस्तीतलं कोणी बोगद्याचं काढलं की भाऊंची माणसं शांतपणे सांगतात, "अहो, खुद्द काकीच नको म्हणाल्या." आणि ते खोटंही नाही.