जिवंत सूत

डॉक्टर हिरेमठांनी कपाटातून विलायती पट्टी काढली आणि ती त्यांच्या बोटांना चिकटून बसली. एका हातातून सोडवली की दुसऱ्या हाताला. शेवटी त्यांनी ती टेबलावर आपटली आणि सोलापूरचा उन्हाळा मीच मागवल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

पट्टीत रबराचे धागे विणलेले होते. ताणली की लांब व्हायची, सोडली की पुन्हा आखूड. निदान बोटीतून उतरली तेव्हा तरी तसं होत असावं. आमच्या मिलच्या दवाखान्याला पत्र्याचं छप्पर, त्यात वैशाख. अशा ठिकाणी रबराचा आधी चीक होतो आणि मग चुरा. ही पट्टी चिकापर्यंत पोचली होती.

समोरच्या बाकावर वाइंडिंग खात्यातल्या गिरिजाबाई पाय वर घेऊन बसल्या होत्या. वाइंडिंग म्हणजे बॉबिनवरचं सूत मोठ्या रिळांवर गुंडाळायचं. यंत्र गुंडाळतं, पण धागा तुटला की बाईने धावत जाऊन गाठ मारायची. हे काम उभ्यानेच होतं. वर्षानुवर्षं उभं राहून त्यांच्या पायाच्या शिरा फुगल्या होत्या आणि घोट्याच्या वर एक जखम झाली होती. मलमं झाली, पाला बांधून झाला, नवस बोलून झाले. जखम काही मिटत नव्हती.

डॉक्टरांनी मला यासाठीच बोलावून घेतलं होतं. त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. रक्त खाली पायात साचून राहतं, त्यामुळे जखम भरत नाही. पोटरी बाहेरून घट्ट आवळून धरली तर रक्त वर चढेल. साधी पट्टी चार पावलं चाललं की ढिली पडते. पोटरी हलेल तशी हलणारी आणि तरीही आवळून धरणारी पट्टी हवी. ती नसेल तर काही महिने पाय वर करून खाटेवर पडून राहायचं. तेही नाही केलं, तर पुढे पायच ठेवता येईल की नाही, याची त्यांना खात्री नव्हती.

गिरिजाबाई हे सगळं ऐकत होत्या. घरात आंधळी सासू, दोन मुली, नवरा मागेच गेलेला.

"डाक्टर, पडून ऱ्हायला मी न्हाय म्हनत न्हाय," त्या म्हणाल्या. "पन मी पडले तर उभं कोन ऱ्हानार?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही नवी कापडं काढता ना? मग रबराशिवाय ताणणारी पट्टी काढा."

मी सँपल खात्यात असिस्टंट होतो. माझं काम म्हणजे चादरीची नवी नक्षी, लुगड्याचा नवा काठ, एजंटाला दाखवायचे तुकडे. मुंबईला जाऊन कापडशास्त्र शिकून आलो होतो आणि ते चार लोकांत कळेल इतपत बोलतही होतो. त्या शास्त्राच्या बळावर मी डॉक्टरांना ठामपणे सांगितलं की कापसाचं सूत ताणत नाही, तुटतं. ते म्हणाले, बघा तर खरं. बघा म्हणणाऱ्याचं काय जातं!

दोन दिवस मी नुसता खात्याखात्यांतून फिरलो. रिंग फ्रेमपाशी सूत कातलं जातं, तिथे आमचा जॉबर सिद्राम उभा होता. जॉबर म्हणजे त्या ओळीतल्या यंत्रांचा आणि माणसांचा कारभारी. तो एका बिघडलेल्या फ्रेमवर वैतागला होता. तिचा दातेरी चाकाचा जोड चुकीचा लागला होता आणि सुताला दुपटीने पीळ बसत होता. सिद्रामने त्या सुताचा हातभर धागा ओढून माझ्यासमोर धरला आणि दोन्ही हात जवळ आणले. धागा सैल पडताक्षणी स्वतःभोवती वळला, त्याला वेटोळी पडली, वेटोळ्यांना पुन्हा वेटोळी. हात लांब केले की सरळ. जवळ आणले की पुन्हा वेटोळी.

"लई खट्याळ सूत हाय, मास्तर," तो म्हणाला. "आता वाफंत घालून मारावं लागंल."

मारणं हा आमच्या धंद्यातला रोजचा शब्द. ताज्या सुतात पिळाची ओढ असते, ते सुटायला बघतं. अशा सुताने मागावर गुंता होतो. म्हणून ते बॉबिनवर घट्ट गुंडाळलेलं असतानाच दमट, वाफेच्या खोलीत ठेवतात, मग पीळ गप्प बसतो. यालाच सूत मारणं म्हणायचं. मी हे हजारदा बघितलं होतं. पण त्या दिवशी सिद्रामचे हात जवळ-लांब होत होते आणि मी येड्यासारखा बघत राहिलो. ताणलं की लांब, सोडलं की आखूड. रबर बोटीतून मागवायचं आणि रबराचा गुण रोज सकाळी वाफेत मारून टाकायचा, असा आमचा कारभार चालला होता.

मी ते सूत न मारता मागितलं. सिद्रामने आधी मला ऊन लागलंय का ते बघितलं, मग दिलं.

ते मागावर चढेना. ताण जरा कमी झाला की शेजारचे धागे एकमेकांना मिठ्या मारायचे आणि सोडवता सोडवता तुटायचे. मग सिद्रामनेच सुचवलं की दाट खळ देऊन बघू. खळ म्हणजे विणण्याआधी सुताला लावायची पिठाची पेज. वाळली की धागा काडीसारखा ताठ होतो. खळ देऊन आम्ही सँपल खात्यातल्या हातमागावर चार बोटं रुंदीची पट्टी विणली. सुरेख निघाली. एकसारखी, गुळगुळीत. आणि ताणून बघितली तर सूतभरही ताणेना. साधी पट्टी तरी थोडा ताण घेते, ही तेवढाही घेईना. खळीने सगळ्या पिळाला कोंडून टाकलं होतं.

तरी मी ती घेऊन दवाखान्यात गेलो. सांगायला तर हवंच की जमलं नाही. सिद्रामही बरोबर आला. गिरिजाबाई मलमपट्टीसाठी आल्याच होत्या. डॉक्टरांनी पट्टी दोन्ही हातांनी ओढली, मग आडवी धरून पुन्हा ओढली. गिरिजाबाईंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मग जमिनीकडे. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"असू दे, साधी म्हणून वापरू," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी ती शेगडीवरच्या पातेल्यात सोडली. जखमेवर जाणारी प्रत्येक पट्टी ते आधी उकळून घेत. माझा हात आपोआप पुढे झाला. मिलच्या माणसासमोर कोरं कापड पाण्यात टाकणं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. कोऱ्या कापडात खळीचं वजन असतं, झळाळी असते, ते गठ्ठ्यात बांधून बाजारात पोचेपर्यंत आम्ही त्यावर ओला हातही पडू देत नसू. धुतलेलं कापड कसं दिसतं, हे ते नेसणारे बघतात. विणणारे बघत नाहीत.

पट्टी बुडाली, वर आली, आणि मग हलली. आधी मला वाटलं उकळीने हलते आहे. पण तिची एक कड आत सरकली, मग दुसरी. पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या उठल्या आणि त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. पट्टी आमच्या डोळ्यांदेखत आखूड होत होती. कुणी ओढत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं. खळ सुटत होती आणि आत कोंडलेला पीळ एकेका धाग्यातून जागा होत होता. बॉबिनवर जखडलेलं सूत वाफेत मरतं, हे पाण्यात मोकळं होतं. मी शास्त्र शिकलेला माणूस, पण माझ्या अंगावर काटा आला, हे सांगायला मला लाज वाटत नाही. सिद्रामने हात जोडले. गिरिजाबाई दुखरा पाय विसरून पातेल्यापाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

डॉक्टरांनी चिमट्याने ती बाहेर काढली. निम्म्याहून थोडी जास्त उरली होती. ओढली तर पूर्वीइतकी लांब झाली. सोडली तर चटकन मागे आली.

"सुंभ जळला तरी पीळ जात न्हाय म्हंत्यात," सिद्राम म्हणाला. "ह्यो तर शिजून बी गेला न्हाय."

फक्त एक भानगड होती. पट्टी सपाट राहत नव्हती. सोडली की स्वतःभोवती वळून तिची नळी होई. पायाला बांधली असती तर कडा काचल्या असत्या. कारण समजायला वेळ लागला नाही. सगळ्या धाग्यांचा पीळ एकाच बाजूचा होता, म्हणून सगळे मिळून पट्टीला त्याच बाजूला वळवत होते. निम्मे धागे उलट्या पिळाचे घातले तर दोघांची रस्सीखेच होईल आणि पट्टी सपाट राहील. आता उलट्या पिळाचं सूत आणायचं कुठून? त्यासाठी फ्रेमच्या सगळ्या चात्या, म्हणजे सूत पिळणारे ते उभे गज, उलटे फिरवायला हवेत. आणि फ्रेमचे मालक होते कताई खात्याचे मुख्य, स्पिनिंग मास्तर दस्तूरसाहेब.

दस्तूरसाहेब चहा घेत होते. मी सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेताहेत असं वाटलं, पण ते फक्त चहा गार व्हायची वाट बघत होते.

"माझी चालती फ्रेम उलटी फिरवायची? एका बाईच्या पायासाटी?" ते म्हणाले. "तू मिलमदी नोकरी करतो का दवाखान्यामदी?"

मी वाद घातला नाही. खिशात न उकळलेल्या पट्टीचा बोटभर तुकडा होता. तो मी त्यांच्या कपात टाकला. आता नोकरी गेली, असं टाकतानाच वाटलं होतं. ते ओरडायला तोंड उघडणार, तेवढ्यात तुकडा चहात अंग चोरू लागला. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांनी तो चमच्याने काढला, रुमालाने टिपला, ओढला, सोडला. पुन्हा ओढला. जन्मभर सूत कातलेला माणूस, पण असं सूत त्यांनीही बघितलं नव्हतं. बराच वेळ ते त्या तुकड्याशी लहान मुलासारखे खेळत होते.

"साफसफाईच्या सुट्टीला फ्रेम बंद असते," ते अखेर म्हणाले. "तेवढीच घे. आणि दुसरा चहा सांग."

त्या सुट्टीच्या दिवशी मी आणि सिद्रामने तो चुकीचा जोड मुद्दाम लावला, चात्या फिरवणाऱ्या दोऱ्या उलट्या घातल्या आणि संध्याकाळपर्यंत मिळेल तेवढं सूत कातलं. दोन पिळांचं सूत नुसत्या डोळ्याला सारखंच दिसतं, म्हणून उलट्या पिळाच्या लडी ओळखायला आम्ही हळद कालवलेल्या खळीतून काढल्या. दोन उजवे धागे, दोन डावे, अशी पट्टी विणली आणि उकळली. ती आकसली आणि सपाट राहिली. उकळूनही हळदीची फिकट रेघ राहिलीच. गिरिजाबाईंनी ती बघितली आणि हळद घातली म्हणजे गुण येणारच, असं ठरवून टाकलं. आम्ही कुणी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

डॉक्टरांनी बोटांपासून गुडघ्यापर्यंत पट्टी बांधली आणि त्यांना चालायला सांगितलं. पोटरी फुगली तशी पट्टी फुगली, पोटरी आवळली तशी पट्टी आवळली. संध्याकाळपर्यंत ती जरा दमून सैल पडायची. रबर एकदा सैल पडलं की संपलं. ही पट्टी घरी उकळत्या पाण्यात टाकली की सकाळी पहिल्यासारखी घट्ट. सूत पुन्हा पुन्हा जागं होत होतं. मला आजही याचं नवल वाटतं, आणि नवल वाटणं बंद झालं तर मी हा धंदा समजलो नाही असं म्हणेन.

दरम्यान मी नमुना आमच्या विक्री एजंटाला दाखवला. मला वाटलं होतं, आता मिलचं नाव मुंबईपर्यंत जाईल. त्याने पट्टी गजावर लावली, म्हणजे कापड मोजायच्या लोखंडी मापावर. एकदा एक माप आलं. पुन्हा लावली, दुसरं आलं. तिसऱ्यांदा तिसरंच. त्याने ती माझ्या हातात परत दिली.

"मास्तर, ह्ये कापड इमानदार न्हाय," तो म्हणाला. "गिऱ्हाईक मला चोर म्हनंल."

मी खूप समजावलं, दस्तूरसाहेबही दोन शब्द बोलले. पण कापड गजाने विकलं जातं आणि जे गजावर स्थिर बसत नाही ते कापडच नव्हे, असा निकाल वरून आला. फ्रेमच्या दोऱ्या आधीच सरळ झाल्या होत्या. सूत पूर्वीप्रमाणे वाफेच्या खोलीत जाऊ लागलं.

पावसाळा संपता संपता डॉक्टरांनी मला बोलावणं पाठवलं. गिरिजाबाई बाकावर होत्या. पट्टी सोडलेली होती आणि जखमेच्या जागी पातळ, गुलाबी, नवी कातडी आली होती. डॉक्टरांनी ती बोटाने हलकेच दाबून बघितली आणि मान हलवली. गिरिजाबाईंनी स्वतः बोट लावून बघितलं, जणू पाय दुसऱ्या कुणाचा आहे. मग त्या रडल्या, आणि रडता रडताच पट्टी पुन्हा गुंडाळायला लागल्या, कारण वाइंडिंगमध्ये त्यांची पाळी सुरू व्हायची होती.

आमच्या मिलने ती पट्टी कधी विकली नाही. तिला गिऱ्हाईक एकच मिळालं, ते दिवसभर उभं राहिलं, आणि त्याने माप काही विचारलं नाही.